लोकेशन राहू द्या, जवळ काय आहे ते सांगा

जालना रोडवरच्या कुठल्याही रिक्षात डोकावून बघा. पुढच्या काचेला लिंबू-मिरची, तिच्या शेजारी देवाचा नाहीतर दर्ग्याचा फोटो, आणि या दोघांच्या खालोखाल हँडलला स्टँड लावून, वरून रबर ताणून बसवलेला मोबाइल. मोबाइलवर मॅप उघडा असतो. त्यातली बाई न थकता बोलत असते. आणि रिक्षा भलतीकडेच चाललेली असते.

बाई म्हणते, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. चालक सरळ जातो. बाई तक्रार न करता दुसरा रस्ता काढते. चालक तोही सोडून देतो. ती तिसरा काढते. तोवर आपण पोचलेलो असतो, आणि बाईनं सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचलेलो असतो, हे चालक मागं वळून आपल्याला दाखवतो. मग एवढं असताना ती बाई लावून ठेवायचीच कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "असू द्या ना. बोलते तर बोलू द्या."

छत्रपती संभाजीनगरच्या चालकानं मोबाइलवरच्या वाहतूक सेवा स्वीकारल्या आहेत का, या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर द्यायचं तर 'हो'. फक्त त्यांचं ऐकायचं असतं, हे त्यानं स्वीकारलेलं नाही. लग्नघरात थोरल्या आत्याला प्रत्येक गोष्ट विचारतात, तसं तो मॅपला विचारतो. विचारणं हा मानाचा भाग. करायचं काय, ते आधीच ठरलेलं असतं.

माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचं एक मॉडेल फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं १९८९ साली मांडलं. त्याचं सार दोन कलमांत मावतं. वस्तू उपयोगाची वाटली पाहिजे आणि वापरायला सोपी वाटली पाहिजे. तेव्हापासून जगभरचे पीएच.डी.वाले या दोन कलमांवर प्रश्नावल्या काढत आले आहेत. 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच चौकोन, आणि त्यातल्या एकात माणसाला बसवायचं. अशी प्रश्नावली घेऊन एखादी संशोधक मुलगी बाबा पेट्रोल पंपाजवळच्या रिक्षावाल्यांपुढं उभी राहिली, असं समजा. (तिच्या कागदावर चौकाचं नाव महावीर चौक असतं, त्यामुळे तिथं पोचेपर्यंतच तिला दोघातिघांना विचारावं लागलेलं असणार.)

"काका, मोबाइल ट्रॅफिक सेवेमुळे तुमचा वेळ वाचतो. सहमत की असहमत?"

"कुणाचा वेळ? माझा का पॅसेंजरचा?"

"तुमचा."

"माझा वाचवून ठेवू कुठं? परत इथंच येऊन बसायचं ना मला."

मुलगी 'तटस्थ'वर खूण करते. "ॲप वापरायला सोपं वाटतं?"

"एकदम सोपं. सकाळी पोरगं लावून देतं."

"आणि मधेच बंद पडलं तर?"

"मग पोरगं शाळेतून आल्यावर."

"बरं. ॲपनं दाखवलेल्या रस्त्यावर तुमचा भरवसा आहे?"

आता मात्र बाकीचे चौघेही बिडी विझवून पुढं सरकतात. त्यांच्यातले जुने-जाणते चाचा सगळ्यांच्या वतीनं सांगतात, "मॅडम, भरोसा है ना. पूरा भरोसा है. मगर जाने का अपने रास्ते से."

सगळे माना डोलावतात. आणि मुलगी प्रश्नावलीत त्या उत्तराचा चौकोन शोधत राहते.

डेव्हिससाहेबांना दोष नाही. त्यांच्या मॉडेलमध्ये एक तिसरं कलम राहून गेलं आहे, ते त्यांना इथं राहिल्याशिवाय सुचणं शक्य नव्हतं. उशिराचं खापर फोडायला कुणीतरी लागतं. पूर्वी या कामासाठी शिवाजीनगरचं रेल्वे फाटक होतं. बीड बायपासकडून येणाऱ्या कुणालाही कुठंही उशीर झाला की "गेट पडलं होतं" एवढं म्हटलं की भागायचं. साहेबही पुढं काही विचारायचे नाहीत, कारण ते स्वतःही त्याच गेटला अडकून आलेले असायचे. तिथं भुयारी मार्गाचं काम निघालं तेव्हा वाहतुकीच्या सोयीचा विचार झाला, सबबीचा कुणी केला नाही. ती पोकळी मॅपनं भरून काढली. "मॅपनं फिरवून आणलं हो!" हे वाक्य आता लग्नाच्या मांडवात, बँकेत, बारशाला, कोर्टाच्या पायरीवर, सगळीकडे चालतं. उपयोगिता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पण मॅपवर विसंबायचं नाही, याला एक प्रामाणिक कारणही आहे. या शहराचे पत्ते बऱ्याचदा जे तिथं आता नाही, त्याच्यावर उभे आहेत. मिल कॉर्नरला मिल नाही. निजामाच्या काळातली कापडगिरणी केव्हाच गेली. नगर नाक्यावर नाका नाही, कारण जकातच उरली नाही. मोंढा नाक्याला ओळख देणाऱ्या मोंढ्याचा मोठा व्यवहार जाधववाडीला गेला. सिडको चौकाचं वसंतराव नाईक चौक हे नाव पाटीवर आहे आणि मॅपवर आहे, तोंडात नाही. मॅप बिचारा जे आहे ते दाखवतो आणि आम्ही जे होतं ते शोधतो.

मुळात गावाच्या नावापासूनच नकाशा काढणाऱ्यांची परीक्षा सुरू होते. मलिक अंबरनं १६१० साली वसवलं तेव्हा खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. या शेवटच्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. गूगलच्या मॅपवर मात्र संभाजीनगर जुलै २०२२ मध्येच झळकलं होतं आणि त्यावरून बराच गदारोळही झाला होता. मॅप या शहरात वेळेच्या आधी पोचल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकच उदाहरण.

आणि सिडको! एन-एकपासून एन-तेरापर्यंत सेक्टर पाडून शिस्तीत वसवलेला भाग. आकडे आहेत म्हणजे क्रमानं असतील, असं समजून पाहुणा एन-पाचवरून पुढं सहा, सात, आठ मोजत निघतो आणि तासाभरानं कॅनॉटच्या बागेपाशी रसवंतीवर बसलेला सापडतो. इथं मॅप खरं तर उत्तम काम करतो. टाचणी अचूक घरावर पडते. तरीसुद्धा बुक केलेल्या रिक्षाचा फोन हा येतोच.

"हॅलो, कुठं यायचंय?"

"लोकेशन टाकलंय की, भाऊ."

"ते दिसतंय मला. पण यायचं कुठं?"

"एन-नऊ, एम-दोन. टाचणी आहे तिथंच उभा आहे मी."

"लोकेशन राहू द्या. जवळ काय आहे ते सांगा."

"मेडिकल आहे."

"मेडिकल कोपऱ्याकोपऱ्यावर आहे साहेब तिथं. अजून काय आहे?"

"पाण्याची टाकी आहे."

"अहो, मग आधी टाकी म्हणायचं ना!"

वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह, त्यांची अणुघड्याळं, सेकंदाच्या अब्जांशाचा हिशेब, हे सगळं एका पाण्याच्या टाकीपुढं हरतं. नळाला पाणी कधी येईल हे या शहरात कुणी छातीठोक सांगू शकत नाही. टाकी मात्र रोज जागेवर असते. पत्ता सांगणं हा तिचा एकमेव अखंडित पुरवठा आहे.

जुन्या शहरात शिरलं की टाकीही कामाची राहत नाही. बावन्न दरवाजांचं शहर ही आमची ओळख. बावन्नपैकी मोजकेच उभे आहेत, आणि जे उभे आहेत त्यांतले काही अजून ड्युटीवर आहेत. मकई दरवाजा, पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, बारापुल्ला. बांधणाऱ्यांनी कमानीची रुंदी ठरवताना हत्तीचा हिशेब धरला असणार. हत्ती जाईल, पण एका वेळी एकच. आता त्या कमानीतून एका बाजूनं विद्यापीठाकडं निघालेली मोटार आणि दुसऱ्या बाजूनं फरशी भरलेला छोटा हत्ती एकदमच येतात. मॅपवर तिथं निळी रेघ सरळ, स्वच्छ. खाली मात्र वाटाघाटी सुरू. दिवा आधी कुणी मारला, निम्म्यात कोण आलंय, मागं सरकायची सोय कुणाला जास्त आहे. अशा वेळी कुठून तरी एक माणूस उगवतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. तो हात वर करून एका बाजूला थांबवतो, दुसऱ्याला "आने दो, आने दो, लेफ्ट मारो, बस" करत आणतो, मोटारीच्या बॉनेटवर दोन थापा मारतो आणि निघून जातो. त्याला रेटिंग द्यायची सोय नाही, नाहीतर पाचपैकी पाच तारे त्यालाच मिळाले असते.

जुलै २०२४ मध्ये गूगलनं पुढं अरुंद रस्ता असल्याची आगाऊ सूचना द्यायला सुरुवात केली, तीही भारतातल्या फक्त आठ शहरांत. हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोइमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि गुवाहाटी. यादीत महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं. सिटी चौक, शहागंज, गुलमंडीवाल्यांनी खरं तर यावर मोर्चा काढायला हवा होता. पण कंपनीची अडचणही समजण्यासारखी आहे. आमच्याकडे ही सोय आणायची तर 'सावधान, पुढे रुंद रस्ता आहे' अशी उलटी सूचना ठेवावी लागेल. तीच कमी वेळा वाजेल.

मॅपवरच्या लाल-पिवळ्या रेघांची गंमत तर आणखी निराळी. या रेघा काढायला रस्त्यावर कुणी उभं नसतं. आपल्याच खिशातले फोन किती वेगानं सरकताहेत, यावरून गर्दीचा अंदाज बांधला जातो. २०२० साली सायमन वेकर्ट या जर्मन कलावंतानं एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि ती गाडी बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून रमतगमत ओढत नेली. मॅपवर तो रस्ता लालभडक झाला. जगभर कौतुक झालं त्याचं. आमच्याकडे त्याला कुणी विचारलंही नसतं, कारण लग्नसराईत बीड बायपासवर संध्याकाळी हेच काम दर दोन लॉनमागे एक वरात विनामूल्य करते. तिच्यात ९९ पेक्षा जास्त फोन असतात, सगळे व्हिडिओ काढत असतात, आणि एका जागी तीन गाणी होईपर्यंत इंचभर सरकत नाहीत. फरक एवढाच की बर्लिनचा रस्ता खरोखर मोकळा होता.

त्या प्रकरणानंतर गूगलनं खुलासा केला होता की भारतासारख्या देशांत मोटार कुठली आणि मोटारसायकल कुठली एवढं आता ओळखता येतं, हातगाडीचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. हे वाचून मला कंपनीविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. दिवाळीच्या आठवड्यात पैठण गेट ते गुलमंडी या पट्ट्यात हातगाडी वजा केली तर अभ्यासाला उरतं काय? आणि शेअर रिक्षाचं काय करणार? मागं चार, पुढं चालकाच्या दोन्ही अंगांना एकेक, सगळ्यांचे फोन चालू. मॅपला वाटत असेल, सहा मोटारी एकमेकींना चिकटून हर्सूलकडं निघाल्यात.

आता जरा कायद्याबद्दल. १ ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे की गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येईल, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. या एका वाक्यानं आमच्याकडे मॅपची लोकप्रियता जेवढी वाढवली, तेवढी कुठल्या जाहिरातीनं वाढवली नसेल. अदालत रोडच्या सिग्नलला कुणी फोनवर रील बघताना सापडला तर तो अंगठ्याच्या एका फटक्यात मॅपवर येतो. "रस्ता बघत होतो साहेब." "कुठं राहता?" "इथंच, समर्थनगरला." समर्थनगर रस्ता ओलांडला की सुरू होतं, तो भाग वेगळा. हेल्मेटवाल्यांचं बरं असतं. गाल आणि हेल्मेट यांच्या फटीत फोन खोचला की दोन्ही हात मोकळे, मॅपही ऐकू येतो आणि बायकोही. काही जणांनी हेल्मेट घेतलं तेच मुळी या सोयीसाठी, अशी मला दाट शंका आहे.

'पुढच्या कटवरून यू-टर्न घ्या' ही मॅपची सूचना मात्र कायद्यापेक्षाही परकी वाटते. दुकान समोर दिसतंय, मधे दुभाजक, कट पाऊण किलोमीटर पुढं. म्हणजे जाऊन-येऊन दीड किलोमीटर, दोन सिग्नल. चालक मनातल्या मनात पेट्रोलचा भाव धरून गुणाकार करतो आणि कडेकडेनं राँग साइड निघतो, दिवा लावून, अपराधी चेहऱ्यानं. मॅपला वाटतं, हा माणूस हरवला. तो पुन्हा पुन्हा मार्ग बदलून देतो. रस्त्यावरच्या सगळ्यांना मात्र ठाऊक असतं की हा एकटाच असा आहे, ज्याला कुठं जायचंय हे नक्की माहीत आहे.

या सगळ्या सेवांमध्ये मनापासून, पूर्णपणे, पहिल्या चौकोनासकट स्वीकारली गेलेली सेवा एकच, आणि ती चालकानं स्वीकारलेलीच नाही. ती आहे ई-चलन. इथं नीट बघितलं पाहिजे, कारण खरी गंमत इथं आहे. गाडी वडिलांच्या नावावर असते. आरसी बुकाला जोडलेला मोबाइल नंबरही वडिलांचा. वडील सिल्लोडजवळच्या गावी मका बघत असतात आणि गाडी शहरात पोरगं चालवतं, शिकायला म्हणून. पूर्वी चौकात अडवलं तर पोरानं मित्राकडून उसने घेऊन पावती फाडली की विषय तिथंच मिटायचा. आता मिल कॉर्नरच्या पोलीस आयुक्तालयातल्या नियंत्रण कक्षात पडद्यावर चौक दिसतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या हवालदाराच्या हातातलं यंत्र गुपचूप फोटो टिपतं, आणि मेसेज थेट मक्याच्या शेतात पोचतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि लिंक. लिंक उघडली की फोटो.

"कॉलेजला गेलता ना रे सोमवारी?"

"हो अण्णा."

"मग सव्वाअकराला गाडी प्रोझोन मॉलच्या रस्त्याला काय करत होती?"

"मित्रानं नेली होती."

"मित्राच्या अंगावर दिवाळीचा तुझा शर्ट कसा काय?"

अण्णांनी उभ्या आयुष्यात मॅप उघडलेला नाही. पण 'महाट्रॅफिक' ॲप त्यांच्या फोनच्या पहिल्याच पानावर आहे, हवामान आणि बाजारभाव यांच्या मधोमध. गाडीचा नंबर टाकून आठवड्याचा आढावा ते स्वतः घेतात. हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होतं, मागं कोण बसलंय, सगळं कळतं. विकसनशील देशात मोबाइल वाहतूक सेवा कुणी आत्मसात केली, असा खराखुरा अभ्यास झाला तर स्टिअरिंगवर बसलेल्यांना सोडून घरी बसलेल्यांकडं जावं लागेल. आई लाइव्ह लोकेशनवरचा ठिपका बघत वरणाला फोडणी देते. ठिपका क्रांती चौकात अडकला की गॅस बारीक करते.

रस्त्यावरच्या माणसानं फोटो टिपणाऱ्या या यंत्राशी स्वतःच्या पद्धतीनं जुळवून घेतलं आहे. सिग्नलला हवालदारानं हात वर केला की पूर्वी गाड्यांचा वेग वाढायचा. आता मागं बसलेल्याचा हात हळूच खाली जातो आणि नंबर प्लेटवर स्थिरावतो. ओढणी, पिशवी, टिफिनचा डबा, पाय, ज्याला जे जमेल ते. एका काकूंना मी प्लेटसमोर मेथीची जुडी धरलेली पाहिली. चेहरा असा, जणू तिथं वारा चांगला लागतो.

आणि चलन आलं म्हणून भरायची घाईही कुणी करत नाही. राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाला तेव्हा आठवडाभर सगळ्यांचे पट्टे लागले होते. मग कुणीतरी लोकअदालतीचं सांगितलं. तडजोड होते म्हणे. तेव्हापासून चलनं सोन्यासारखी साठवली जातात. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचंही तेच. २०१९च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांसाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत होती. ती एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी टप्प्याटप्प्यानं सरकत डिसेंबरपर्यंत आली. पहिल्या मुदतीच्या आदल्या रात्री जागून ज्यांनी वेबसाइटवर नंबर लावला, त्यांच्याकडं बाकीचे अजून सहानुभूतीनं बघतात.

कागदपत्रांची तर वेगळीच निष्ठा. डिजीलॉकर आणि एम-परिवहनमधले लायसन्स, आरसी ग्राह्य धरा, असं केंद्रानं २०१८ सालीच सांगितलं. चालकानं ॲप घेतलं, आधार जोडलं, ओटीपी भरला. आणि त्या ॲपमधल्या लायसन्सची रंगीत झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून डिकीत ठेवली. चार्जिंग संपलं तर?

यापेक्षा जुनी, मोफत आणि कधीही न बंद पडणारी सेवा शहरात होतीच. २०१६ साली हेल्मेटसक्ती जोरात आली तेव्हा ती बाळसं धरू लागली. समोरून येणारा अनोळखी मोटारसायकलवाला आपल्याकडं बघून स्वतःच्या डोक्यावर हलकेच दोन थापा मारतो. बस्स. पुढं मामा उभे आहेत. आपण कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवतो, मान तुकवून आभार मानतो आणि पुढं आपल्यासमोर येणाऱ्याला त्याच थापा मारतो. लॉगिन नाही, नेटवर्क नाही, मराठी-इंग्रजीचा पर्याय नाही. जात, धर्म, पक्ष, एन-चार की बेगमपुरा, कुणी विचारत नाही. या शहरात इतकं निखळ एकमत दुसऱ्या कुठल्याच विषयावर नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'बाबा पंप चेकिंग चालू' असे मेसेज येतात ते याच सेवेचं डिजिटायझेशन. पण मेसेज वाचेपर्यंत मामा क्रांती चौकाला गेलेले असतात. थापेत ही अडचण नाही.

समृद्धी महामार्गावर मात्र मॅपची खरीच पंचाईत होते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, आणि आमची मंडळी सावंगीला नाहीतर माळीवाड्याला वर चढून नुसतीच फिरून येऊ लागली. तिथं मॅप एकदा सांगतो, इतके इतके किलोमीटर सरळ, आणि गप्प बसतो. ना कट, ना टाकी, ना विचारायला पानटपरी. बाईशी हुज्जत घालायची सवय लागलेला चालक दहा मिनिटांत अस्वस्थ होतो. एक जण मला म्हणाला, "रस्ता बेस्ट आहे, पण करमत नाही."

त्याच्या उलट टोकाला कन्नडचा औट्रम घाट. चाळीसगावकडं जायचा जवळचा रस्ता तोच. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो जड वाहनांना बंद आहे. मॅप मात्र मोटारीच्या हिशेबानं चालतो. फोन ज्याच्यात ठेवलाय तिला टायर चार आहेत की चौदा, हे त्याला कोण सांगणार? कन्नडच्या जवळ एका चहाच्या टपरीवर असाच एक पंजाबी ट्रकवाला हातात फोन धरून उभा होता. फोनवरची निळी रेघ टपरीवाल्याला दाखवून दाखवून त्याचा आवाज चढला होता.

"काका, मॅप में तो सीधा दिखा रहा है!"

"मॅप सीधाच आहे हो," टपरीवाले काका गाळणी झटकत म्हणाले, "घाट वाकडा आहे."

मग त्यांनी चहाचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत पर्यायी रस्ता सांगायला घेतला. मागं फिरायचं, देवगाव रंगारी, मग शिऊर बंगला, तिथून नांदगावच्या अंगानं चाळीसगाव. कुठला फाटा सोडायचा, कुठल्या ढाब्यावर डिझेल घ्यायचं नाही, कुठं गतिरोधकावर रंग मारलेला नाही. ट्रकवाल्यानं ऐकून घेतलं, ग्लास खाली ठेवला, मॅप बंद केला. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायचं बटण शोधून तो काकांच्या तोंडापुढं धरला.

"काका, एक बार और बोलना. जरा धीरे."

काकांनी स्टोव्ह बारीक केला, घसा खाकरला, फोनला नमस्कार केला आणि सुरुवात केली: "तो भैया, पहले गाडी पलटाने की…"